प्रिंटएफ घातला की बग गायब!

सी शिकताना मॅलॉक आणि फ्री तुम्ही वापरलंच असेल. फ्री करायला विसरलात तर मेमरी अडून राहते, घाईने केलंत तर प्रोग्राम कोसळतो. गार्बेज कलेक्टर हे काम स्वतःकडे घेतो. स्टॅक, ग्लोबल व्हेरिएबल्स आणि रजिस्टर्स इथून निघायचं, पॉइंटर धरत जिथवर पोचता येतं तेवढं ठेवायचं, बाकीचं मोकळं करायचं.

सीमध्ये पंचाईत अशी, की अमुक आकडा पॉइंटर आहे की साधी संख्या, हे चालत्या प्रोग्रामकडे बघून कळत नाही. हान्स बोम आणि मार्क वायझर यांनी 1988 च्या पेपरात तोडगा दिला: पत्त्यासारखा दिसणारा प्रत्येक आकडा पॉइंटरच समजा. घर आवरताना आई 'असू दे, लागेल' म्हणते ना, तसंच. थोडा कचरा राहतो, पण कामाची वस्तू जात नाही.

असा छोटा कलेक्टर मी लिहिला. लॅपटॉपवर झकास चालला. मग तो सनच्या जुन्या स्पार्क वर्कस्टेशनवर नेला, आणि वापरात असलेले ऑब्जेक्टच मोकळे व्हायला लागले. शोधायला प्रिंटएफ घातला, तर बग गायब. काढला की परत हजर! दोन आठवडे यातच गेले.

कारण चिपच्या रचनेत होतं. स्पार्कवर एका वेळी 32 रजिस्टर्स दिसतात, त्यातली 24 ही सरकती खिडकी असते. फंक्शन कॉल झाला की खिडकी पुढे सरकते, आणि आधीच्या फंक्शनचे पॉइंटर चिपच्या आतच राहतात. खिडक्या संपल्या, की मगच ऑपरेटिंग सिस्टिम जुन्या खिडक्या स्टॅकवर उतरवते. माझा कलेक्टर स्टॅक आणि चालू खिडकी एवढंच बघत होता. प्रिंटएफच्या पोटात एकात एक बरेच कॉल होतात, त्यात खिडक्या आपोआप उतरायच्या. उपाय एका ओळीचा निघाला: स्कॅनच्या आधी सगळ्या खिडक्या उतरवणारा ट्रॅप. बोम यांच्या कलेक्टरमध्ये ही सोय आहेच, मीच वाचली नव्हती.

प्रिंटएफ तसाच ठेवून 'सगळ्या टेस्ट पास' असं लिहिलं असतं, तर ते खोटं ठरलं असतं आणि मला कळलंही नसतं.

आता उलटी बाजू. 'पोचता येतं' म्हणजे 'लागणार आहे' असं नाही. इथेच पवईला, आयआयटी मुंबईत, उदय खेडकर, अमिताभ सन्याल आणि अमेय करकरे यांनी यावर काम केलं. 2007 च्या त्यांच्या पेपरात कंपाइल करतानाच ठरवतात, की हीपमधले कोणते दुवे पुढे वापरले जाणार नाहीत. असे दुवे नल केले, की कलेक्टरला ती जागा मोकळी करता येते. पेपर अवघड आहे, पहिल्या वाचनात मलाही अर्धाच कळला. आधी चार नोडची लिंक्ड लिस्ट कागदावर काढा, प्रत्येक ओळीनंतर कोणता दुवा पुन्हा लागेल त्यावर खूण करा, आणि मग पेपर उघडा.