खेळाडू मुलाचा शाळाप्रवेश

हॅरिस शिल्डसारखी शालेय क्रिकेटची स्पर्धा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून ज्या शहरात चालू आहे, त्या मुंबईत एखाद्या खाजगी शाळेने होतकरू फलंदाज हेरावा, त्याच्या वडिलांस फीमाफीचा शब्द द्यावा आणि मुलाचे नाव आपल्या हजेरीपटावर चढवावे, हा दस्तूर काही नवा नव्हे. अशा वेळी पालकांच्या मनात एकच चिंता असते, ती अशी की मुलगा अभ्यास आणि खेळ ही दोन्ही व्यवधाने सांभाळील काय. परंतु माझ्या मते हा प्रश्न मुलाच्या निग्रहाचा जितका आहे, त्याहून अधिक घर, शाळा आणि मैदान यांमधील अंतराचा आहे.

रमाकांत आचरेकरांच्या सल्ल्याने सचिन तेंडुलकर वांद्र्याची शाळा सोडून दादरच्या शारदाश्रमात दाखल झाला, तेव्हा प्रवासाची दगदग वाचावी म्हणून त्यास शिवाजी पार्कजवळ काका-काकूंकडे राहावे लागले. रोहित शर्माची हकीकतही निराळी नाही: प्रशिक्षक दिनेश लाड यांनी त्यास बोरिवलीतील आपल्या शाळेत आणले, दरमहा 275 रुपयांची फी संस्थेने माफ केली, आणि आईवडील डोंबिवलीत असताना तो बोरिवलीस काकांकडे राहिला. म्हणजे माफी शाळेने दिली खरी, तथापि तिची उर्वरित किंमत कुटुंबाने भरली. ज्यांना दादरास काका नाहीत, त्यांच्या मुलांनी विरारहून गर्दीच्या लोकलमध्ये किटबॅग सांभाळीत यावे, सरावानंतर तसेच परतावे आणि मग बीजगणिताचे पुस्तक उघडावे, ही अपेक्षा मला तरी निष्ठुर वाटते.

शिवाय सामने सुट्टीच्या दिवशीच होतात असे नाही. तेंडुलकर-कांबळी यांची 664 धावांची अभंग भागीदारी ज्या सामन्यात झाली, तो फेब्रुवारी 1988 मधील सामना कामकाजाच्या दिवशी, वार्षिक परीक्षा तोंडावर असताना, आझाद मैदानावर चालला होता. दहावीस राज्य मंडळाकडून पात्र खेळाडूंना वाढीव क्रीडागुण मिळतात हे खरे. पण त्या गुणांनी बुडालेले तास भरून निघत नाहीत.

म्हणून जुन्या शाळेतून दाखला काढण्यापूर्वीच पालकांनी मुख्याध्यापकांस विचारावे, की बुडालेल्या तासिकांची तजवीज कोणता शिक्षक करील, चाचणी परीक्षा पुन्हा घेतली जाईल काय, आणि मुलगा दुखापतीने वर्षभर घरी बसला तर फीमाफी चालू राहील काय. या अखेरच्या प्रश्नाचे उत्तर लेखी मागावे.