हौसेच्या बैलालाही सातबारा हवा

पोळा जवळ आला की आपल्या खान्देशात हौसेला मोल राहत नाही. दारात ट्रॅक्टर उभा असला तरी खुंट्याला एक देखणी जोडी हवीच. कुणी तापी खिल्लारी सांभाळतो, कुणी शर्यतीसाठी गोऱ्हा तयार करतो. त्यांना ढेप-सरकी घालताना कुणी हिशोब करीत नाही. पण कानात पिवळा बिल्ला मारायचा म्हटला की तोच मालक पाठ फिरवतो. कान विद्रूप होतो, जनावर बुजतं, ही एक तक्रार. दुसरी थेट अहिराणीत, "बैल मना शे, त्याले कागद कसाले?"

सवाल रास्त वाटतो, पण त्याचं उत्तर आपल्याच जिल्ह्यात मिळालं आहे. 2022 च्या लम्पीच्या साथीत राज्यातलं पहिलं बाधित जनावर आढळलं ते 4 ऑगस्टला, रावेर तालुक्यातल्या चिनावल गावात. पुढे गुरांचे बाजार बंद झाले, शर्यतीही थांबल्या. रोगानं कामाचा बैल आणि हौसेचा बैल असा भेद केला नाही. शासनानं मदत जाहीर केली : दुधाळ जनावराला 30 हजार, बैलाला 25 हजार, वासराला 16 हजार. पण मदत म्हटली की पंचनामा आला, आणि मेलेलं जनावर कोणाचं हे पंचनाम्यात सांगायला नुसती गावाची साक्ष किती पुरणार?

आता तर नियम आणखी कडक झाला आहे. 1 जून 2024 पासून राज्यात बिल्ल्याशिवाय गुरांची बाजारात खरेदी-विक्री नाही, वाहतूक नाही, सरकारी दवाखान्यातले उपचारही नाहीत. नैसर्गिक आपत्तीत, विजेच्या धक्क्यानं किंवा वन्यप्राण्याच्या हल्ल्यात जनावर दगावलं आणि कानात बिल्ला नसला, तर भरपाई नाही. यावल, रावेर, चोपड्याकडे सातपुड्याच्या पायथ्याशी ज्यांची गुरं चरतात, त्यांनी हे कलम दोनदा वाचावं. तिथं बिबट्या काही विचारून येत नाही.

बिल्ल्यावर 12 अंकी क्रमांक असतो. त्यावर जनावराची जात, वय, लसीकरण आणि मालकाचं नाव यांची संगणकावर नोंद होते. थोडक्यात, हा बैलाचा सातबारा. आणि सातबाऱ्यासारखाच फेरफारही हवा. बैल विकला आणि नाव जुन्याच मालकाचं राहिलं, तर उद्या भांडण ठरलेलं. बाजारातून नवी जोडी आणली की आठवडाभरात नाव बदलून घ्यावं. बिल्ला गळून पडला तर नवा मारून घ्यावा, आणि क्रमांक घरातल्या वहीत लिहून ठेवावा. कानाची जखम पहिले काही दिवस स्वच्छ ठेवली, माशी बसू दिली नाही, तर कान खराब होत नाही.

शर्यतीच्या शौकिनांसाठी वेगळं प्रकरण आहे. सर्वोच्च न्यायालयानं 2014 मध्ये घातलेली बंदी 16 डिसेंबर 2021 ला सशर्त उठली, आणि 18 मे 2023 ला घटनापीठानं राज्याचा कायदा वैध ठरवला. पण शर्ती कायम आहेत : जिल्हाधिकाऱ्यांची आगाऊ परवानगी, 50 हजारांची अनामत, एक हजार मीटरच्या आतली धावपट्टी, बैलांची पशुवैद्यकीय तपासणी. नियम मोडला तर पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. जत्रेच्या आदल्या दिवशी कचेरीत धावून काही होत नाही.

दोन शब्द कागद मागणाऱ्यांनाही. विक्रीचा दाखला देताना ग्रामपंचायतीनं बिल्ल्याचा क्रमांक त्यावर लिहावा, म्हणजे पुढच्या खरेदीदाराची पायपीट वाचेल. बिल्ले मारायचं शिबिर दुपारी बाराला ठेवून उपयोग नाही, तेव्हा गुरं रानात असतात. सकाळी सातला गावात या, आदल्या दिवशी दवंडी द्या, मग बघा किती जोड्या येतात ते.

शेतकरी बंधूंनो, पोळ्याला शिंगं रंगवण्याआधी एकदा कान तपासा. गोंडे, झूल, घुंगरं हौसेची खरी, पण संकटात उपयोगी पडेल तो कानातला बिल्लाच.