क्रॅप्सचं टेबल वाचायचं कसं? दोन फासे, ३६ शक्यता आणि कमी दिलेला भाव

सुरगाण्याहून तुमचा सॉफ्टवेअरवाला दोस्त बोलतोय. आजचा विषय आहे क्रॅप्स. कॅसिनोच्या रील्समध्ये लांबलचक हिरवं टेबल असतं, लोक फासे फेकतात आणि ओरडतात, तोच हा खेळ. टेबलावर इतके चौकोन कसले, हे बऱ्याच जणांनी विचारलंय. चला, नियम समजून घेऊ, आणि प्रत्येक चौकोनात खेळवणाऱ्याचा नफा नेमका कुठे बसलाय तेही शोधू.

फासे आपल्याला नवे नाहीत. ऋग्वेदात जुगाऱ्याचं एक सूक्त आहे. त्यातले फासे बिभीतकाच्या फळांचे होते. बिभीतक म्हणजे आपल्या जंगलातला बेहडाच की!

आधी ३६ शक्यता

दोन फासे म्हणजे ६ गुणिले ६, एकूण ३६ शक्यता. बेरीज ७ यायचे ६ मार्ग आहेत. ६ किंवा ८ चे प्रत्येकी ५, ५ किंवा ९ चे ४, ४ किंवा १० चे ३, ३ किंवा ११ चे २, आणि २ किंवा १२ चा फक्त १. एवढं डोक्यात ठेवा, पुढचं सगळं यातूनच निघतं.

मुख्य डाव: पास लाइन

तुम्ही पास लाइनवर पैसे लावले. पहिल्या फेकीत ७ किंवा ११ आले तर जिंकलात. २, ३ किंवा १२ आले तर हरलात. बाकी काही आलं, म्हणजे ४, ५, ६, ८, ९ किंवा १०, तर तो आकडा 'पॉईंट' होतो. मग फासे फेकत राहायचं. ७ च्या आधी पॉईंट पुन्हा आला तर जिंकलात, ७ आधी आला तर हरलात. गंमत बघा, पहिल्या फेकीत हवाहवासा वाटणारा ७ पुढे वैरी होतो.

जिंकलात तर १०० ला १०० मिळतात. सरासरी हिशोब केला तर ४९५ डावांत २४४ जिंकता आणि २५१ हरता. फरक फक्त ७ डावांचा, म्हणजे सुमारे १.४१ टक्के. 'डोन्ट पास' ही साधारण उलटी पैज, तिथे हा फरक १.३६ टक्के. म्हणूनच क्रॅप्सला कॅसिनोतला 'स्वस्त' खेळ म्हणतात.

तोच आकडा, दोन भाव

समजा पॉईंट ४ आहे. ४ चे मार्ग ३, ७ चे ६. म्हणजे तुम्ही एकदा जिंकाल तेव्हा दोनदा हराल. मग न्याय्य भाव काय? १०० ला २००. पास लाइनच्या मागे 'ऑड्स' नावाची जादा पैज लावता येते, ती बरोब्बर २०० देते. तिच्यात कॅसिनोचा नफा शून्य! पण ती एकटी लावता येत नाही, आधी पास लाइनवर पैसे असावेच लागतात.

त्याच टेबलावर ४ ची 'प्लेस' पैज आहे. फासे तेच, आकडा तोच, अट तीच. मिळतात मात्र १०० ला १८०. हे जे वीस रुपये कमी दिले, तोच कॅसिनोचा धंदा. फाशात काही खोट नाही, खोट भावात आहे.

आता मधले रंगीत चौकोन. 'एनी सेव्हन', म्हणजे पुढच्याच फेकीत ७ येणार. भाव १०० ला ४००. ऐकायला भारी. पण ३६ फेकींत सरासरी ६ वेळा २,४०० मिळतील आणि ३० वेळा ३,००० जातील. लावलेल्या ३,६०० पैकी ६०० गेले, १६.६७ टक्के! शंभराच्या ३०० पैजा लावल्या तर पास लाइनवर सरासरी ४२४ रुपये जातात, इथे ५,०००.

आणि 'बराच वेळ ७ आला नाही, आता येणारच' हे डोक्यातून काढा. फाशाला आठवण नसते.

जत्रेतला भाऊबंद

जत्रेत चित्रांचे फासे बघितले असतील. गोव्यातल्या जत्रांमध्ये त्याला गडगडो म्हणतात. समजा तीन फासे, सहा चित्रं. तुमचं चित्र एकदा आलं तर एकपट, दोनदा आलं तर दुप्पट, तीनदा आलं तर तिप्पट. वाटतं बरोबरीचा खेळ. आता सहा जणांनी सहा चित्रांवर एकेक रुपया लावला असं धरा. तिन्ही फासे वेगळे पडले तर तिघांचे तीन रुपये दुसऱ्या तिघांना गेले, खेळवणाऱ्याला काही नाही. पण दोन सारखे पडले की चौघे हरतात, वाटायचे तीनच, एक रुपया खिशात. तिन्ही सारखे पडले तर दोन रुपये. असं करत करत ७.९ टक्के.

आणि मोबाईलवर?

कॅसिनोत फासे पारदर्शक असतात, आत वजन लपवता येऊ नये म्हणून. ते समोरच्या भिंतीवर आपटावे लागतात. ॲपमध्ये फासा नसतोच, असतं ते कोणीतरी सर्व्हरवर लिहिलेल्या कोडनं पाठवलेलं चित्र. मी कोड लिहितो म्हणून सांगतो, तुमची पैज बघून आकडा ठरवायला दोन-चार ओळी पुरतात, आणि तुम्हाला ते स्क्रीनवर कधीच दिसणार नाही. शिवाय टेबलावर एका डावाला मिनिटं लागतात, इथे काही सेकंद. ३०० पैजा एका रात्रीत होतात.

कायद्याचंही ऐका. महाराष्ट्रानं १९७६ मध्ये कॅसिनोचा कायदा केला, पण तो कधी लागूच झाला नाही आणि २०२३ मध्ये रद्द झाला. त्यामुळे आपल्याकडे कॅसिनो नाही, गोव्यात आहे. आणि पैसे लावायचे ऑनलाइन खेळ चालवायला २०२५ च्या केंद्राच्या कायद्यानं देशभर बंदी आहे. तरी व्हॉट्सॲप-टेलिग्रामवर लिंका फिरतातच. दिंडोरी-निफाडला द्राक्षाच्या कामाला गेलेल्या पोराची आठवड्याची मजुरी आता थेट फोनमध्ये येते, आणि लिंकही त्याच फोनमध्ये.

तर कुठल्याही पैजेला दोनच प्रश्न विचारा: हे किती वेळा येतं? आणि आल्यावर किती देतात? ३६ मार्ग कागदावर मांडा, गुणाकार करा. ज्याचं उत्तर ॲप देत नाही, तिथे पिन टाकायची नाही.

हिशोब अडला तर कमेंटमध्ये टाका, पुढच्या भागात मिळून सोडवू. भेटूया!