एकनिष्ठ राहावे की अलिप्त?

१९९८ साली मायक्रोसॉफ्टने 'व्हिज्युअल बेसिक'ची सहावी आवृत्ती आणली. पडद्यावर बटण ओढून ठेवायचे, ते दाबल्यावर काय व्हावे ते चार ओळींत लिहायचे, की प्रोग्राम तयार! जगभरच्या असंख्य प्रोग्रामरांनी आपले कौशल्य या एकाच साधनाशी बांधले. आपल्याकडेही दुकानांचे हिशेब आणि दवाखान्यांच्या पावत्या त्यावर निघू लागल्या.

२००२ मध्ये त्याच कंपनीने 'डॉट नेट' आणले. नाव व्हिज्युअल बेसिकच राहिले, भाषा मात्र आतून बदलली. पूर्वी 'इंटिजर' हा प्रकार १६ बिटांचा होता, त्यात जास्तीत जास्त ३२,७६७ ही संख्या मावे. आता तो ३२ बिटांचा झाला. 'व्हेरियंट' हा प्रकार तर गेलाच. असे लहानमोठे बदल इतके होते, की जुना प्रोग्राम उचलून नव्यात ठेवणे जमेना. २००५ मध्ये प्रोग्रामरांनी कंपनीला सामूहिक विनंती केली, पण निर्णय बदलला नाही. २००८ मध्ये जुन्या साधनाचे विस्तारित पाठबळही संपले.

यावरून 'कुठल्याच प्लॅटफॉर्मशी बांधून घेऊ नये' असा निष्कर्ष काढणे सोपे आहे. पण दुसरी बाजूही पाहू. फेसबुकने आपले मोबाइल ॲप एके काळी बऱ्याच अंशी एचटीएमएल-५ वर उभारले. एकदाच लिहायचे आणि सगळ्या फोनवर चालवायचे, हा त्यामागचा हिशेब. ॲप संथ चालू लागले. २०१२ मध्ये कंपनीने आयफोनसाठी आणि मग अँड्रॉइडसाठी ते स्वतंत्रपणे नव्याने लिहिले. एचटीएमएल-५ वर अति भिस्त ठेवणे ही मोठी चूक होती, अशी कबुली झुकरबर्ग यांनी त्याच वर्षी जाहीरपणे दिली. सगळीकडे चालणारी गोष्ट बहुधा सगळ्यांकडे जेवढे समान आहे, तेवढेच वापरू शकते. एखाद्या प्लॅटफॉर्मची खरी ताकद मात्र त्याच्या वेगळेपणात असते.

शिवाय अलिप्तता देणारा मधला थर हाही एक प्लॅटफॉर्मच असतो, हे आपण विसरतो. 'फ्लॅश'चे आकर्षण हेच होते, की ब्राउझर कोणताही असो, चित्र तेच दिसेल. २०१० मध्ये स्टीव्ह जॉब्ज यांनी आयफोनवर त्याला जागा न देण्याची कारणे जाहीर केली आणि २०२० च्या अखेरीस ॲडोबीने त्याचे पाठबळ थांबवले. ज्यांनी ब्राउझरांपासून अलिप्त राहण्यासाठी फ्लॅश निवडले, ते फ्लॅशमध्येच अडकले.

म्हणून बांधून घ्यायचे की नाही, यापेक्षा कोणता भाग बांधायचा, हा प्रश्न अधिक उपयोगी आहे. पडद्याची मांडणी काही वर्षांत बदलतेच. तिथे प्लॅटफॉर्मचे सगळे गुण खुशाल वापरावेत. व्याज कसे मोजायचे, रजा कशी धरायची, हे नियम मात्र दीर्घायुषी असतात. ते बटणामागच्या कोडमध्ये न कोंबता वेगळे ठेवले, तर स्थलांतराचा खर्च पुष्कळ कमी होतो. माहितीचे आयुष्य त्याहूनही मोठे असते.

माहितीचे उदाहरण मराठीतच आहे. युनिकोडपूर्व काळात अनेक फॉन्टांमध्ये रोमन अक्षरांच्या संकेतांवर देवनागरी आकार बसवलेले असत. तो फॉन्ट नसेल, तर लेखाच्या जागी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा गोंधळ दिसतो. १९९१ च्या पहिल्या युनिकोड आवृत्तीतच देवनागरी होती. तरी छपाईच्या सोयीसाठी जुने फॉन्ट पुढे वर्षानुवर्षे वापरात राहिले. त्या काळातल्या फायली आजही रूपांतराची वाट पाहत पडून आहेत. अलिप्तता सर्वांत आधी हवी होती ती इथे.

आणि माणसाचे काय? कोबोल ही भाषा १९५९ मधल्या प्रयत्नांतून जन्मली. २०२० च्या एप्रिलमध्ये, महामारीत बेकारभत्त्याच्या अर्जांचा पूर आला, तेव्हा न्यू जर्सीच्या गव्हर्नरांना कोबोल जाणणाऱ्या स्वयंसेवकांसाठी आवाहन करावे लागले. एकनिष्ठेलाही असे दिवस येतात, पण त्यांच्या भरवशावर कारकीर्द आखता येत नाही. नवोदिताने एक प्लॅटफॉर्म तळापर्यंत शिकावा, कारण वरवरच्या पाच ओळखींतून स्मृती, फायली, नेटवर्क हे खालचे थर कळत नाहीत. ते एकदा कळले, की दुसरा प्लॅटफॉर्म शिकायला निम्माही वेळ लागत नाही. प्लॅटफॉर्म बदलेल तेव्हा हेच ज्ञान सोबत येईल.