जुनी डिस्क, नवा संगणक

आजऱ्यासारख्या तालुक्याच्या गावी काजू प्रक्रियेचे हिशेब असोत की डीटीपीच्या दुकानातल्या लग्नपत्रिका, सगळे वर्षानुवर्षे एकाच संगणकात साठते. तो बंद पडला की त्याची हार्ड डिस्क नव्या संगणकात बसवली जाते आणि पडद्यावर 'बूट डिव्हाइस सापडले नाही' असा संदेश येतो. डिस्क गेली, असे समजून ती फॉरमॅट करू नका. दोष बहुधा डिस्कचा नसतो.

संगणक सुरू होताच मदरबोर्डवरील चिपमधले फर्मवेअर आधी चालते आणि विंडोज कुठे आहे ते शोधते. या फर्मवेअरचा जुना प्रकार, बायोस, डिस्कचा पहिला, 512 बाइटचा सेक्टर वाचते. 1983 पासूनच्या या 'एमबीआर' मांडणीत चारच प्राथमिक विभाग आणि सुमारे 2 टेराबाइट जागा मावते. नवा प्रकार, यूईएफआय, मात्र डिस्कवरच्या एका खास विभागातील बूट फाइल शोधते. बायोसच्या काळातल्या डिस्कवर ती सहसा नसतेच.

फर्मवेअरच्या सेटिंगमध्ये जुन्या पद्धतीने बूट करण्याचा 'लेगसी' किंवा 'सीएसएम' पर्याय असल्यास तो चालू करून पाहता येतो, पण अनेक नव्या संगणकांत तो उरलेला नाही. सुरक्षित मार्ग म्हणजे नवे विंडोज नव्या डिस्कवरच ठेवावे आणि जुनी डिस्क यूएसबी-साटा केबलने जोडावी. विंडोजला एमबीआर डिस्क वाचता येते, त्यामुळे फाइली दिसतात. डिस्क 'इनिशिअलाइज' करायची का, असे विचारले तर नकार द्या. डिस्कला बिटलॉकर हे विंडोजचे कुलूप लावलेले असेल तर रिकव्हरी की हाताशी ठेवा. फाइली दिसताच पहिले काम एकच: त्यांची दुसरी प्रत काढा.