शिडीची उंची आणि गल्लीची रुंदी

१६ जुलै २००४ रोजी तंजावर मुलुखातील कुंभकोणम येथे शाळेच्या स्वयंपाकघरात उठलेली ज्वाला झावळ्यांच्या छपरास भिडली आणि ९४ बालके प्राणांस मुकली. त्या दारुण घटनेचे स्मरण ठेवून अग्निशामक वाहनांवरील यांत्रिक शिड्यांची तुलना करू लागावे, तर केवळ उंचीचे आकडे तोलणे फार अपुरे वाटते.

जर्मनीतील उल्म येथील मागिरुस आणि कार्ल्सरूहच्या मेट्झ कारखान्याची परंपरा चालविणारी ऑस्ट्रियाची रोझेनबावर, या दोघांचा भर फिरत्या चौथऱ्यावरील सरकत्या शिडीवर आहे. ती त्वरेने उभी राहते, आणि तिच्या पायऱ्यांवरून माणसे एकामागून एक उतरू शकतात. याउलट फिनलंडच्या ब्रॉन्टोची ख्याती आहे ती सांध्यांच्या भुजेच्या टोकावर बसविलेल्या पाळण्यासाठी. ही भुजा कठड्यापलीकडे वाकते आणि शंभर मीटरच्याही वर पोहोचते. मुंबईच्या गगनचुंबी इमारतींसाठी ९० मीटरचा ब्रॉन्टो घेतला गेला, तो योग्यच.

परंतु कुंभकोणम ज्यात वसले आहे त्या कावेरीच्या गाळमातीच्या प्रदेशात, जेथे घरे बहुधा एकदोन मजल्यांची आणि अग्रहाराच्या, म्हणजे जुन्या ब्राह्मणवस्तीच्या, गल्ल्या अरुंद, तेथे असे अवजड वाहन आपले आधारपाय पसरणार कोठे? खरेदीची तजवीज करणाऱ्या दप्तराने उत्पादकास प्रथम वाहनाची रुंदी, वळणाची त्रिज्या आणि आधारपायांखालील भार विचारावा. मला तर अशा गावांसाठी आटोपशीर शिडी, किंबहुना हातांनी लावावयाची साधी सरकती शिडीच, अधिक प्राणरक्षक वाटते.