आयत्या वेळचा सवाल आणि धंद्यातली हिंमत

आपल्या कारागिराच्या हातात हुनर असते, पण समोरच्याने न ठरलेला सवाल केला की त्याची जबान अडखळते. ठोक व्यापारी थान उलटून म्हणतो, "रंग फिका आहे, माल परत न्या." बँकेचा साहेब विचारतो, "सीझन बुडाला तर हप्ता कुठून भराल?" अशा वेळी जो गप्प बसतो तो घाट्याचा सौदा करून घरी येतो. उद्या सुताचा भाव काय निघेल हे आम्हा कापडवाल्यांनाही ठाऊक नसते. अनिश्चितता धंद्यातून जाणार नाही. तिच्यासमोर उभे राहण्याची सवय मात्र लावता येते, आणि त्याची एक रीत नाटकाच्या दुनियेत सापडते.

अमेरिकेतील शिकागो शहरात हल हाऊस ही समाजसेवी संस्था होती. परदेशातून आलेली गरीब कुटुंबे तिथे येत. या संस्थेत व्हायोला स्पोलिन या बाईंनी नीवा बॉइड यांच्याकडून खेळांतून शिकवण्याची कला घेतली. पुढे निरनिराळ्या मुलखांतून आलेल्या घरांच्या मुलांना नाटक शिकवताना त्यांनी असे खेळ रचले, ज्यांत पाठ केलेले संवादच नव्हते. १९५९ साली त्यांचे पुत्र पॉल सिल्स यांनी साथीदारांसह शिकागोत 'सेकंड सिटी' थिएटर उघडले. तिथे प्रेक्षकांनी सुचवलेल्या विषयावर नट जागच्या जागी प्रवेश उभा करीत. आपल्याकडील तमाशातली बतावणीही याच जातीची. सोंगाड्या समोरची मंडळी पाहून ऐनवेळी जवाब जोडतो.

या खेळाचे मुख्य नियम दोन. पहिला, समोरच्याचे म्हणणे आधी कबूल करायचे, मग त्यात आपली भर घालायची. एक म्हणाला, "नाव बुडतेय," तर दुसऱ्याने "नाव कुठे आहे?" म्हणायचे नाही. म्हणायचे, "हो, आणि बादलीही फुटकी आहे!" दुसरा, चुकले तरी थांबायचे नाही, चुकीलाच धरून पुढे जायचे. पुन्हा पुन्हा खेळल्याने माणूस पुढचे वाक्य आधीच जुळवीत बसत नाही, कान देऊन ऐकतो. पुढे काय येणार हे माहीत नसतानाही आपण निभावतो, हा अनुभव गाठीला येतो. त्यातूनच हिंमत तयार होते.

२०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन संशोधनात काहींना वीस मिनिटे असे खेळ दिले, तर काहींकडून तसाच ठरीव संवादांचा सराव करून घेतला. पहिल्या गटाची अनिश्चितता सोसण्याची तयारी अधिक वाढलेली दिसली. वीस मिनिटांत स्वभाव पालटतो असे नव्हे, पण दिशा कळते.

कोणी म्हणेल, आपल्याला नाटक कशाला? यासाठी ना स्टेज लागतो, ना सोंग. दुकान बंद करण्यापूर्वी दहा मिनिटे एकाने गिऱ्हाईक व्हावे, नोकराने किंवा मुलाने दुकानदार. गिऱ्हाइकाने वाटेल ती तक्रार करावी: "शेजारी दोन रुपये स्वस्त आहे." जवाब असा यावा: "असेल साहेब, आणि आमचा पन्हा किती आहे तेही मोजून पाहा." इथे म्हणणे कबूल झाले, भाव मात्र सुटला नाही. हा फरक ध्यानात ठेवावा. आणि पन्हा, सूत, हिशेब पाठ असल्याशिवाय ऐनवेळचा जवाब पोकळच ठरेल.

उद्याचे इल्म अल्लाहलाच आहे. तयारी करून मग तवक्कुल करणे हे आपले काम. त्या तयारीत भांडवल आणि मालाबरोबर जबानीचा सरावही धरावा.